आडनाव सोडा, आळी धरा

पणजोबांचं नाव विचारलं तर बहुतेकांना सांगता येतं. पणजीचं माहेर कुठलं, असं विचारलं की घर गप्प होतं. सातबाऱ्यावर ती बहुधा नसते, वकिलाने काढून दिलेल्या वंशावळीत नसते, फोटोच्या मागे लिहिलेलं असतं ते फक्त ‘आई’. चर्चच्या नोंदवहीत मात्र ती सापडते. मूल स्नानसंस्काराला, म्हणजे बाप्तिस्म्याला, नेलं त्या दिवशी पाद्रींनी बापाशेजारी आईचंही नाव लिहिलं, काही नोंदींत तिच्या आईवडिलांचंही लिहिलं. वसई, उत्तन, वांद्रे, रेवदंडा किंवा गोव्यातल्या एखाद्या वाड्यावर ज्यांची मुळं आहेत, त्यांना या वह्यांतून पाच-सहा पिढ्या मागे जाणं अशक्य नाही. कष्ट आहेत आणि वाट नीट धरावी लागते.

ही वाट मी स्वतः चुकलो होतो. आजीच्या आईला आमच्याकडे ‘आगाशीकडची’ म्हणत. तिचं आडनाव परेरा, हेही ठाऊक होतं. एवढ्या भांडवलावर मी दोन वर्षं परेरा शोधत राहिलो. परेरा ढिगाने सापडले, आमची परेरा काही सापडेना. शेवटी गावातल्या एका नव्वदीच्या बाईंनी आजीच्या मामाच्या घराला लोक काय म्हणत ते सांगितलं, आळी कुठली ते सांगितलं, आणि तिथून पुढचं काम तीन आठवड्यांत झालं. आगाशीकडची म्हणजे आगाशीची नव्हे, त्या दिशेच्या एका गावातली, हेही तेव्हाच कळलं. म्हणून पहिली गोष्ट ठासून सांगतो: आपल्याकडच्या ख्रिस्ती घराण्यांचा शोध आडनावाने सुरू करू नका.

कारण साधं आहे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. फ्रान्सिस्कन आले, पाठोपाठ जेझुइट आले. रमेदी, सांडोर, पापडी, नंदाखाल इथल्या चर्चची परंपरा त्या सोळाव्या शतकातली. बाप्तिस्मा घेणाऱ्याला ख्रिस्ती नाव मिळे आणि त्यासोबत आडनावही. ते बहुधा धर्मपित्याचं, पाद्रीचं किंवा एखाद्या पोर्तुगीज अधिकाऱ्याचं. त्यामुळे एकाच गावातली दोन लोपीस घराणी एकमेकांची कुणीच नसू शकतात आणि सख्ख्या भावांच्या वंशात एकीकडे डिमेलो, दुसरीकडे रॉड्रिग्ज असू शकतं. काही घरांनी पाटील, नाईक, म्हात्रे अशी जुनी नावंही सोबत जपली. आडनाव हा इथे फार कच्चा धागा आहे. पक्का धागा म्हणजे गाव, गावातली आळी किंवा वाडी, आणि घराला लोकांनी दिलेलं नाव. हे शेवटचं नाव कागदावर क्वचितच येतं, पण माणसांच्या तोंडी ते दोनशे वर्षं टिकतं.

तेव्हा चर्चच्या कचेरीत जाण्याआधी घरात बसा. सर्वांत वयस्कर माणसापासून सुरुवात करा आणि ‘आपले पूर्वज कोण?’ असं विचारू नका. त्याला उत्तर मिळत नाही. लग्नात मांडवाला कुणाकडून माणसं यायची, मयताला कोणत्या गावचे लोक आधी पोचायचे, आजी सणाला कुठे जायची, शेताची वाटणी कुणाशी झाली, कोणत्या घराशी बोलणं बंद होतं आणि का, हे विचारा. सामवेदी घर असेल तर कादोडीत विचारा, वाडवळ घर असेल तर वाडवळीत. प्रमाण मराठीत विचारलं की म्हातारी माणसं सरकारी उत्तरं देतात. घरच्या बोलीत विचारलं की खळ्यावरच्या गोष्टी निघतात. मोबाइलवर आवाज मुद्रित करून ठेवा. नावं कानाला ऐकू येतील तशीच लिहा: जुवाव, पेद्रू, इनास, पास्कू, दुमिंग. हीच माणसं वहीत पोर्तुगीज किंवा लॅटिन वेषात भेटणार आहेत. जुवाव कुठे ‘जुआंव’ असेल, कुठे ‘योआनेस’, आणि इंग्रजी अमदानीत तोच ‘जॉन’ झालेला असेल.

घरातले कागदही चाळा. शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशनकार्ड, गिरणीचं किंवा गोदीतलं ओळखपत्र, आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेली मयतांची स्मरणपत्रं. या छोट्या पत्रांवर मृत्यूची नेमकी तारीख असते, आणि नेमकी तारीख हातात असली की कचेरीतल्या माणसाचं अर्धं काम हलकं होतं.

आता वह्यांकडे वळू. चर्चने नोंदी का ठेवल्या हे कळलं तर त्या वाचणं सोपं जातं. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये विवाहाची नोंद ठेवणं पाद्रींवर बंधनकारक केलं. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, घरांची यादी अशा पाच वह्यांचे नमुने घालून दिले. म्हणजे वही वंशावळीसाठी नव्हती. कुणाला कोणता संस्कार मिळाला आणि कुणाचं लग्न कुणाशी लागू शकतं, हे ठरवण्यासाठी होती. म्हणूनच तिच्यात नात्याची इतकी बारकाईने दखल आहे. जवळच्या नात्यात लग्न असेल तर खास परवानगी लागे आणि ती परवानगी विवाहाच्या नोंदीत उतरे. वधूवर चौथ्या पिढीतले नातेवाईक आहेत, असं एक वाक्य दिसलं तर थांबा. त्या एका वाक्याने तुमच्या दोन शाखा एकत्र जोडल्या जातात.

स्नानसंस्काराची नोंद वाचताना पहिली नजर मुलावर जाते. ती जाऊ द्या, पण मुक्काम धर्मपिता आणि धर्ममाता यांच्यावर करा. ती माणसं सहसा घरातलीच असत: आजोबा, मामा, आत्या, मोठी बहीण. माहेर सापडत नसेल तर धर्ममातांची एक वेगळी यादी करून बघा. एकाच घरातल्या चार मुलांना एकाच गावची धर्ममाता असेल, तर ती बहुधा आईच्या माहेरची. माझी पणजी मला अशीच भेटली, तिच्या स्वतःच्या नोंदीतून नव्हे तर भाचीच्या नोंदीतून. नाव ठेवण्याच्या रीतीचाही आधार घ्या. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव आणि दुसऱ्याला आईच्या बापाचं, ही पद्धत पुष्कळ घरांत होती. रीत म्हणजे पुरावा नव्हे, पण कुठे शोधायचं ते ती सांगते.

दुसरी नजर समासावर टाका. रोमच्या १९०७ च्या फर्मानाने, जे १९०८ च्या ईस्टरपासून लागू झालं, विवाहाची माहिती त्या माणसाच्या स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी लिहिणं सक्तीचं केलं. त्यामुळे १८९० च्या सुमारास जन्मलेल्या मुलीच्या नोंदीच्या कडेला वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात चार शब्द सापडू शकतात: लग्न कुणाशी, कोणत्या चर्चमध्ये, कधी. लग्न करून दुसऱ्या गावी गेलेली बाई या चार शब्दांनी परत हाती लागते. दाखला मागताना म्हणूनच ‘समासातल्या टिपांसह’ अशी विनंती करा; नाहीतर नुसतं नाव आणि तारीख उतरवून मिळते. लग्नाची मूळ नोंद शोधायची तर आधी वधूच्या धर्मग्रामात बघावी. १९१७ च्या धर्मविधीसंहितेनुसार विवाह वधूच्या धर्मगुरूसमोर व्हावा असा सर्वसाधारण नियम होता. तिथे नसेल तर वराकडे.

वसई-साष्टीच्या जुन्या नोंदींची भाषा बहुधा पोर्तुगीज. तिला घाबरू नका. नोंदींचा साचा ठरलेला असतो आणि वीस-पंचवीस शब्दांत काम भागतं. ‘फिल्यु’ म्हणजे मुलगा, ‘फिल्या’ मुलगी. ‘नेतु पातेर्नु’ म्हणजे बापाकडून नातू. त्यापुढे आजी-आजोबांची नावं येतात आणि मग ‘मातेर्नु’ म्हणून आईकडची. ‘नेतु’ हा शब्द दिसला की एका नोंदीत तीन पिढ्या मिळाल्या असं समजा. ‘नातुराल’ म्हणजे मूळ कुठला, ‘फ्रेगेझिया’ म्हणजे धर्मग्राम, ‘व्हियुवा’ म्हणजे विधवा. खरी फसगत महिन्यांत होते. सात हा आकडा आणि पुढे ‘ब्रो’ असं लिहिलेलं असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. लॅटिनमध्ये ‘सेप्टेम’ म्हणजे सात, त्यावरून सप्टेंबर. तसंच आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहाची फुली म्हणजे डिसेंबर. नावांचंही तसंच. ‘रॉइझ’ हे वेगळं आडनाव नसून रॉड्रिग्जचं संक्षिप्त रूप आहे. ग, ल, झ एवढीच अक्षरं दिसली तर तो गोन्साल्वीस. जुन्या वहीच्या शेवटी सूची असेल तर ती आडनावाने नसून पहिल्या नावाने लावलेली असण्याचा संभव मोठा. म्हणजे ‘प’खाली परेरा शोधायचा नाही, ‘म’खाली मारिया शोधायची.

आता अवघड प्रश्न: कोणत्या कचेरीत जायचं? आजचा धर्मग्राम तेव्हा होताच असं नाही. लोकसंख्या वाढत गेली तशी जुन्या धर्मग्रामांतून नवी चर्च वेगळी निघाली, पण जुन्या वह्या बहुधा मूळ चर्चमध्येच राहिल्या. आपलं चर्च कधी स्वतंत्र झालं आणि कुणापासून, हे आधी विचारा. वसई धर्मप्रांत १९९८ चा आहे. त्याआधी हा भाग मुंबई महाधर्मप्रांतात होता. १८८६ ते १९२८ या काळात पद्रोआदोची, म्हणजे पोर्तुगालच्या अधिकाराखालची, इथली चर्च दमण धर्मप्रांतात होती, आणि त्याआधी गोव्याच्या महाधर्मप्रांतात. मुंबईत तर १७९४ नंतर दोन सत्ता शेजारी शेजारी नांदल्या. एकीकडे पद्रोआदो, दुसरीकडे थेट रोमच्या नेमणुकीतले धर्मगुरू. एकाच गावठाणातले दोन भाऊ दोन वेगळ्या चर्चचे असू शकत. घरातल्या तीन मुलांच्या नोंदी मिळाल्या आणि चौथ्याची गायब असेल, तर पलीकडच्या चर्चचा दरवाजा ठोठावा. आणखी एक आधार आहे: १९१७ च्या त्याच संहितेने नोंदवह्यांची प्रत दरवर्षी बिशपांच्या कचेरीत पाठवायला सांगितलं होतं. मूळ वही वाळवीने खाल्ली असेल तर प्रत शिल्लक आहे का, हे महाधर्मप्रांताच्या दप्तरात लेखी विचारता येतं.

१७३९ ही तारीख मनात पक्की ठेवा. चिमाजी आप्पांनी मे महिन्यात वसईचा किल्ला घेतला, युरोपीय मिशनरी निघून गेले आणि पुढे गोव्याहून आलेल्या देशी पाद्रींनी गावं सांभाळली. त्या आधीच्या वह्या आपल्याला मिळतील या भरवशावर बेत आखू नये. किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीवर पोर्तुगीज लेख कोरलेल्या समाधिशिला आहेत. त्यांवर आपलं आडनाव दिसलं म्हणून तो आपला पूर्वज ठरत नाही. ते पोर्तुगीज सरदार-अधिकाऱ्यांच्या घरचे लोक. आपली माणसं तेव्हा बाहेर शेतात, वाडीत, समुद्रावर होती. त्यांच्या कबरींवर दगड नव्हते. आजही आपल्या दफनभूमीत जागा अपुरी असल्याने कबरी पुन्हा वापरल्या जातात, त्यामुळे दगडांपेक्षा मृत्यूची वही अधिक भरवशाची.

रस्त्याकडेचे क्रूस मात्र जरूर वाचा. मुंबईच्या गावठाणांत, वांद्र्याच्या रानवर-चिंबईपासून गिरगावातल्या खोताच्या वाडीपर्यंत, फिरताना चौथऱ्यावर कोरलेली नावं आणि वर्षं दिसतात. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा आणि त्यानंतर नवसाने किंवा आभार म्हणून पुष्कळ क्रूस उभे राहिले. ज्या घराने क्रूस उभारला त्या घराचं नाव कित्येकदा दगडावर आहे, आणि दरवर्षी तिथे प्रार्थना कोण ठेवतं हे विचारलं की वारस सापडतात. याच काळातली आणखी एक खूण ध्यानात ठेवा. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव इथल्या ख्रिस्ती समाजाने घेतलं ते १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात. त्याआधीच्या कागदांत हेच लोक ‘नेटिव्ह ख्रिश्चन’, ‘पोर्तुगीज’ किंवा नुसतेच ‘किरिस्ताव’ म्हणून सापडतील. ‘पोर्तुगीज’ वाचून रक्ताचे निष्कर्ष काढू नका.

चर्चबाहेरचे कागद गावाचा धागा घट्ट करतात. जुने फेरफार काढा. वारस नोंदीत बहिणींनी हक्क सोडल्याचं लिहिलेलं असतं आणि तिथे त्यांची सासरची नावं येतात. तलाठ्याकडचा जन्ममृत्यूचा जुना गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, आणि प्राथमिक शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर, दोन्ही बघण्यासारखी. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये इथल्या ख्रिस्ती समाजाचं सविस्तर वर्णन आहे, आणि १५५४ मध्ये सिमांव बोतेल्यु यांनी तयार केलेल्या महसुली तोंबोत, म्हणजे नोंदवहीत, वसईच्या गावांची नावं आहेत. तिथे पणजोबा भेटणार नाहीत, पण आपलं गाव तेव्हा कोणत्या परगण्यात होतं ते कळतं. गावच्या चर्चच्या शतकोत्तर महोत्सवांच्या स्मरणिका आणि ‘सुवार्ता’ मासिकाचे जुने अंकही चाळावेत. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातली हेरास संस्था या कामासाठी जवळची.

गोव्याची मुळं असलेल्यांचं काम तुलनेने सोपं. तिथे पोर्तुगीज राजवट १९६१ पर्यंत सलग राहिली, पणजीचं पुराभिलेखागार सोळाव्या शतकाच्या अखेरीपासूनचा वारसा सांगतं, आणि गावकरीच्या, म्हणजे कोमुनिदादीच्या, दप्तरांत गावकरांच्या घराण्यांची नोंद आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून नागरी नोंदणीही मिळते. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर गोव्यातल्या काही चर्चच्या वह्यांच्या प्रतिमा आहेत; त्यांचा नावानुसार शोध सहसा लागत नाही, पान पान उलटावं लागतं. पोर्तुगीज पासपोर्टसाठी दाखले मागणाऱ्यांची तिथल्या कचेऱ्यांत गर्दी असते, म्हणून आपण घराण्याचा इतिहास शोधतो आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगावं.

अहमदनगर (आताचं अहिल्यानगर), जालना, संगमनेरकडच्या प्रॉटेस्टंट घराण्यांची गोष्ट निराळी. अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला १८३१ मध्ये ठाणं उघडलं. तिथे पोर्तुगीज आडनावांचा घोळ नाही, पण दुसरी अडचण आहे. १८७६ ते ७८ आणि पुढे १८९६ ते १९०० या दुष्काळांत पोरकी झालेली कितीतरी मुलं मिशनच्या अनाथाश्रमांत वाढली. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात आलेल्या मुलींची संख्या मोठी होती. अशा घराण्यात शोध एका आश्रमाच्या दारापर्यंत येतो आणि आई-बापांची नावं नाहीत असं कळतं. तिथे आश्रमाची दाखल नोंदवही बघायला मिळाली तर निदान जिल्हा किंवा गाव कळू शकतं. १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदया’त मृत्यूच्या वार्ता आणि मंडळ्यांच्या बातम्या आहेत. मिशनची मूळ कागदपत्रं हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. मिशनऱ्यांच्या वार्षिक अहवालांत गावोगावच्या शिक्षकांची, उपदेशकांची नावं येतात. जातीचा उल्लेखही येतो, बहुधा उघड आणि कोरड्या शब्दांत. घरातल्या ज्येष्ठांनी ती गोष्ट कधी बोलून दाखवली नसेल. त्यांच्यासमोर तो कागद ठेवण्याआधी त्यांना एकट्याने गाठून विचारा.

हाच विवेक कॅथलिक वह्यांबाबतही हवा. अनौरस मूल, दत्तक, मोडलेलं लग्न, सगळं तिथे लिहिलेलं असतं. धर्मगुरू वही हातात द्यायला कचरतात ते यासाठी, आणि त्यांचं बरोबर आहे. रविवारी मिस्सा सुटल्यावर कचेरीत घुसू नका. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी वेळ ठरवून जा. आपलं नाव, धर्मग्राम, कुणाच्या कोणत्या पिढीतले, आणि उदाहरणार्थ १८७५ ते १८८५ अशी दहा वर्षांची मर्यादा, एवढं लिहिलेला अर्ज सोबत न्या. ‘आमची सगळी माहिती द्या’ असा अर्ज कुणी हाती घेत नाही. फोटो काढायची परवानगी नसेल तर वहीतून हाताने उतरवून घ्या. पान क्रमांक, नोंद क्रमांक आणि वहीवरची वर्षं त्याच वेळी लिहा. घरी येऊन आठवत नाही. कचेरीला देणगी द्यावी, आणि आपल्याला काही सापडलं तर त्याची एक प्रत चर्चला आणून द्यावी.

नोंदींमध्ये तफावत येणारच. जन्माची तारीख आणि स्नानसंस्काराची तारीख एक नसते. मृत्यूच्या वहीतलं वय अंदाजाने लिहिलेलं असतं आणि दहा-दहा वर्षांनी चुकतं. दोन नोंदी जुळत नसतील तर एक खोडू नका, दोन्ही शेजारी लिहून ठेवा. आणि तक्ता थोडा उभा राहिला की तो घेऊन पुन्हा त्या नव्वदीच्या बाईंकडे जा. मोठ्याने वाचून दाखवा. मी वाचलं तेव्हा त्यांनी तिसऱ्याच नावाला हात वर केला आणि म्हणाल्या, ‘ही त्याची पहिली बायको. तुमची पणजी दुसरीची.’ पुढच्या सोमवारी मी पुन्हा कचेरीत होतो, मृत्यूची वही मागत.